खिडकीजवळची जागा

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन करायचा सोडून हा कागद काय काळे करत बसलाय, असं तू वहिनीला म्हणशीलच. पण फोनवर आपण दोघे ‘बरंय ना?’, ‘बरंय’ याच्यापुढे इतक्या वर्षांत कधी सरकलो नाही, आणि मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. फोनवर विचारली तर तू सवयीने ‘चालेल’ म्हणून मोकळा होशील आणि मला नेमकं तेच नकोय. तेव्हा निवांत बस. आधी घरची खबरबात सांगतो, मग त्या गोष्टीकडे येतो.

बाळ काल चाळीस दिवसांचं झालं. ते कुणासारखं दिसतं यावर घरात रोज वाद होतो. मला विचारशील तर तूर्तास ते वर्गावर चिडलेल्या टकल्या मास्तरांसारखं दिसतं. ही बरी आहे. शाळेची रजा अजून दोन महिने आहे आणि झोप सोडली तर तिला कशाची कमी नाही. आई मला बाळ कसं धरायचं ते रोज नव्याने शिकवते, जणू आमची थोरली, भिंगरी, आपली आपणच वाढली. थंडी सरली एकदाची. खाली वर्कशॉपच्या खिडक्या उघडल्या, समोरच्या झाडाला पालवी फुटलीय, आणि सकाळी दहा-साडेदहापर्यंत ऊन थेट खिडकीजवळच्या टेबलावर येतं. त्याच उन्हात दोरी बांधून आम्ही बाळाचे लंगोट वाळत घालतो. गिऱ्हाइकं आधी लंगोट बघतात, मग कपाटं.

भिंगरी आता पावणेतीन वर्षांची झाली. माझा टेप पळवून घरभर मोजत हिंडते आणि तिच्या मापात सगळं सातच भरतं. दार सात, बाळ सात, आजीसुद्धा सात. पण खरं सांगायचं ते पुढचं आहे. बाळ यायच्या आधी मी मोठ्या हौसेने भिंगरीसाठी नवी बुटकी खाट केली. कोपरे गोल घासले, उशाशी चिमणी कोरली, तीन हात पॉलिश मारलं. आणि तिची जुनी कठड्याची खाट पुसून बाळासाठी लावली. बाळाला त्यात ठेवलं तेव्हा भिंगरी कठड्याला नाक लावून बराच वेळ बघत उभी राहिली. रडली नाही, हट्ट केला नाही. आई म्हणाली, तू आता मोठी ना? तिने मान हलवली. आम्हाला काय कौतुक वाटलं म्हणून सांगू. शेजारणीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

त्यानंतर पोरगी शहाणी झाली ती झालीच. बिस्किट दिलं तर म्हणायची, मला नको, बाळाला. मांडीवर घ्यायला गेलो तर, मला नको, बाळाला. दुपारी झोपायची वेळ झाली की उशी बगलेत मारून जिना उतरायची आणि माझ्या टेबलाखाली, लाकडाच्या ढलप्यांमध्ये जाऊन झोपायची. नवी खाट तिकडे कोरी करकरीत पडलेली. मला वाटलं, सुताराची पोर आहे, तिला लाकडाचा वास आवडतो. बघ मी किती हुशार.

मग एका रविवारी सकाळी ती अशीच अर्धं केळं बाळाकडे सरकवून निघून गेली आणि आई अगदी भरल्या मनाने म्हणाली, थेट आपल्या मोठ्यावर गेलीय. तोही असाच गुणाचा, कधी काही मागितलं म्हणून नाही. दादा, मी हातातला घास परत ताटात ठेवला. आईला बोल लावत नाही मी. ती प्रेमानेच म्हणाली. पण मला एकदम तू दिसलास, टेबलाचे दोन पाय धरून ते मागच्या भिंतीकडे ओढत नेताना.

तुला आठवतं की नाही कुणास ठाऊक. मी कोर्स संपवून वर्कशॉपमध्ये आलो तेव्हा खिडकीजवळची जागा तुझी होती. बाबांनी तुला तिथेच रंधा धरायला शिकवलं आणि ते गेल्यावर तू तिथेच उभा राहून घर चालवलंस, माझी फीसुद्धा त्यातच आली. आई म्हणाली, याचा हात अजून बसायचाय, याला उजेड लागेल, तू मोठा ना? तू म्हणालास, चालेल. त्याच दुपारी टेबल हलवलंस, पटाश्यांची फळीसुद्धा उतरवून नेलीस आणि मागे फळ्यांच्या थप्पीजवळ, भर दुपारी दिवा लावावा लागतो तिथे कामाला लागलास. मी तुझ्या खिळ्याला माझं कॅलेंडर टांगलं. दीड वर्षाने तू त्या कारखान्यातली नोकरी धरलीस. मी सगळ्यांना सांगत सुटलो, दादाला चांगली संधी मिळाली. सहा वर्षं हेच सांगतोय. तुला जायचं होतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. मला त्याची फार लाज वाटते.

त्या रविवारी मी टेबलाखाली भिंगरीशेजारी जाऊन बसलो, म्हणजे बसलो काय, कसाबसा कोंबला गेलो. तिला म्हटलं, ती कठड्याची खाट तुझी आहे. आम्ही न विचारता घेतली, चुकलं. बाळाला देऊ का? नको म्हणालीस तरी चालेल. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मी खरंच विचारतोय की उगाच, ते. आणि ठणकावून म्हणाली, नको. मग काय, विचारलं म्हटल्यावर ऐकायलाच हवं. बाळाला उचललं, गादी घालून एका मोठ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि खाट मॅडमना परत केली. तो ड्रॉवर दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटाचा. त्या कपाट न्यायला आल्या, ड्रॉवरमध्ये बाळ बघितलं आणि म्हणाल्या, राहू द्या, बाहेर आलं की पाठवा.

तीन दिवस भिंगरीने नुसता उच्छाद मांडला. चपलांसकट खाटेत चढली, लापशी भिंतीला फासली, मांडीवरून उतरायला तयार नाही. ही म्हणाली, आली गं बाई आमची भिंगरी परत, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. चौथ्या दिवशी भिंगरीने टेपने खाट मोजली, सात भरली, मग बाळ मोजलं, तेही सात. तेव्हा बाळ मावतंय असं ठरलं. आता दुपारी ती आत बसते आणि बाळाला पायथ्याशी ठेवायची परवानगी देते. पण गैरसमज नको, खाट अजून तिचीच आहे. बाळ तिथे पाहुणा आहे आणि तिला आवडलं नाही तर ती तसं सांगते.

आता माझी गोष्ट. वहिनी परवा बोलता बोलता म्हणाली की सुट्टीच्या दिवशी तू गॅलरीत बसून हाताने लाकडी डबे करतोस आणि तेवढा दिवस गुणगुणत असतोस. कारखान्यात यंत्राला फळ्या भरवणारा तू गुणगुणत असशील असं मला वाटत नाही. इथे काम दोघांना पुरून उरेल इतकं आहे, ती अडचण नाही. अडचण एवढीच की मी आजवर विचारलं नाही. तेव्हा आज विचारतो. खिडकीजवळची जागा तुला परत हवी आहे का? माझं टेबल मी अजून जागचं हलवलं नाही, कारण तुला न विचारता हलवलं तर पुन्हा तेच होईल. तू नको म्हणालास तर मी रागावणार नाही, वहिनीची नि मुलांची घडी तिकडे बसली असेल तर तसं सांग. सावकाश विचार कर. फक्त मोठा म्हणून उत्तर देऊ नकोस. हवं किंवा नको, दोन्हीपैकी एक लिही. ‘चालेल’ लिहिलंस तर मी पत्र परत पाठवीन.

तुझाच,
अजून उजेडात बसलेला धाकटा