पुणतांब्याच्या इंजिनाचा गिअर

३ फेब्रु.
परवा पुणतांब्याच्या सभेत गरजलो : तुटलं की फेका, ही गुलामी आहे, दुरुस्त करायला शिका! टाळ्या. आज स. त्याच गावच्या कांताबाई एसटीने नगरला, थेट माझ्या वर्कशॉपवर. पिशवीत वीतभर लांबीचं मॉडेल रेल्वे इंजिन.
"भाऊ, तुमीच म्हनला ना फेकू नका? घ्या मंग. कंपनी म्हनती पार्ट बंद झालाय."
नवरा निवृत्त मालगाडी ड्रायव्हर. पक्षाघातानंतर ह्याच इंजिनाचं वेगाचं बटण फिरवता फिरवता उजवा हात हलू लागला होता. महिनाभर इंजिन बंद. हात पुन्हा मांडीवर पडून.
उघडलं. चाकाच्या आसावरचा नायलॉनचा गिअर उभा चिरलेला. मसुराएवढा. हो म्हणून बसलो.

७ फेब्रु.
नवा गिअर कोरताना तीन वाया. चौथा जमला. दाते चौदाच्या चौदा, मधलं भोक हुबेहूब जुन्याएवढं. आसावर दाबून घट्ट बसवला. टेबलावर पळालं. रेखा म्हणाली, "भाषणांपेक्षा हे बरं. शेजारी झोपतात तरी." बायकोला दाद देणं जमत नाही. उद्या इंजिन पाठवायचं.

१२ फेब्रु.
दोनच दिवस चाललं. कांताबाई फोनवर : "ह्यांनी बटन सोडलं न् भिंतीकडं तोंड करून बसले." इंजिन परत मागवलं.

१४ फेब्रु.
माझाही गिअर तिथेच चिरला. दाते मोजण्यात दंग, भोक मात्र जुन्यावरून उचललं. मुळात तेच घट्ट होतं. ताणाने नायलॉन फाटणारच. कंपनीची चूक मी इमानेइतबारे उतरवून काढली. आणि व्यासपीठावर अंधानुकरणावर तासतासभर...
नवा केला. भोक केसभर मोठं, आसावर चिकटवला. कांताबाईंना सांगितलं, चूक माझी.
"आसू द्या. कवा देताय?"

२२ फेब्रु.
इंजिन जाऊन चार दिवस. दु. फोन. "चालतंय, भाऊ. हात बी हलतोय. पन टक टक करतंय."
गिअर चिरला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक्. रुळाच्या सांध्यावरही टक्. फोन रुळाजवळ धरायला लावला. कान देऊन ऐकलं. कळेना.
मागून जड जिभेने नवरा : "सां...धा हाय. गिअर न्हाई."
"त्यांना ऐकू कमी येतं. तुमीच सांगा, बंद करू का?"
मी तोंड उघडण्याआधी पलीकडे गाडीचा वेग वाढला.