तिसऱ्यांदा लिहिलेली सुरुवात

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

शाळेच्या मागच्या पायरीवर बसून आपण दोघी पुस्तकांना तपकिरी कव्हरं घालायचो, आठवतं? मी कागद ताणून धरायचे, तू कडा दुमडायचीस. काल नव्या पुस्तकांना कव्हरं घालताना दोन हात पुरेनात.

दहावी, बारावी बाहेरून दिल्या, आता अठ्ठावन्नाव्या वर्षी पदवीचा घाट घातलाय. ‘मुली शाळा मध्येच का सोडतात’ यावर निबंध द्यायचा आहे. बाईंनी माझी प्रस्तावना दोनदा परत केली. वीस तारखेपर्यंत ती पसंत पडली नाही, तर परीक्षेला बसू देणार नाहीत. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, त्यामुळे रुसताही येत नाही. सोबत प्रस्तावना पाठवते. तू तीस वर्षं निबंध तपासलेस, माझाही तपास.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

८ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वाचली. ‘प्राचीन काळापासून शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ इथून निघालीस आणि दीड पान झालं तरी एकही मुलगी शाळा सोडेना. शाळेतल्या सिस्टरनी आपल्याला हेच शिकवलं आणि मीही जन्मभर यालाच भरभरून मार्क दिले, तेव्हा दोष तुझ्या एकटीचा नाही.

पत्रात आपण काय करतो? दोन ओळींत नमस्कार-चमत्कार आणि लगेच ‘पत्रास कारण की’. तसंच कर. एक मुलगी दाखव, तिची शाळा का बंद झाली ते सांग, आणि त्यातून तुला कुठला प्रश्न पडला ते लिही. पुढचा सगळा निबंध त्या प्रश्नामागे चालू दे. मुलगी शोधायला लांब जायला नको.

गुडघे सांभाळ, आणि माझ्यावरचा जीवही.

तुझी,
ताई

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

मुलगी सापडली. ही सुरुवात:

‘एका घरात दोन बहिणी होत्या. आईनं अंथरूण धरलं, तेव्हा एकीला शाळा सोडावी लागली. कोणी सोडायची, ते मार्कांवरून ठरलं. मार्क कमी पडतात म्हणूनच मुली शाळा सोडतात का?’

एवढ्याला तीन दिवस लागले, हसू नकोस. बाईंना अजून दाखवली नाही. दुसरी बहीण तू आहेस, म्हणून आधी तुला विचारते. नको म्हणालीस तर दुसरी मुलगी शोधेन. तक्रार म्हणून लिहिलं नाही गं. गणितात मला चौतीस होते, हे काही खोटं नाही.

नकार आला तरी माया तीच.

तुझी,
धाकटी

१६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

प्रस्तावना चांगली आहे. एक वाक्य चूक आहे. तपासायला दिलीस, म्हणून दुरुस्त करते.

मार्कांवरून काही ठरलं नव्हतं. प्रगतिपुस्तकं नंतरच्या आठवड्यात आली. त्याआधीच बाबांनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं होतं, की पुढे शिकायचंय का. मी हो म्हणाले. तुला विचारलं का, हे मी त्यांना विचारलं नाही. मग तुझे मार्क आले आणि सगळ्यांची सोय झाली, माझी सगळ्यात जास्त. चव्वेचाळीस वर्षं मी गप्प बसले.

ते वाक्य असं कर: ‘थोरलीला विचारलं गेलं, धाकटीला नाही.’ मग खालचा प्रश्नही बदलेल. तो तुझा तू लिही, त्यातला एक शब्दही मी सांगणार नाही.

लोभ असावा, हे आज हक्कानं लिहवत नाही.

तुझी,
ताई

ता. क. स्वच्छ प्रत वीसच्या आत बाईंना दे. एक प्रत आपल्या दादाला पाठव, मार्कांवरूनच ठरलं अशी त्याचीही समजूत आहे. खाडाखोड केलेला कच्चा कागद मला पाठव.