गुरुवारचा फ्रीज

अहो,

जुना फ्रीज उद्या जाणार. मीनल म्हणते, "आई, किती वर्षं सांभाळशील? एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू." तो घरात आहे तोवर तुम्हाला एक सांगायचंय, म्हणून हे पत्र. आणि मध्ये बोलायचं नाही!

लडाखची माती आठवते ना? तुमच्या प्रयोगशाळेतल्या मशिनवर ती गोठलेली माती दगडासारखी टिकली, तरी तुमच्या मनात शंका. दाब महिनोन्‌महिने राहिला तर? म्हणून श्रीखंडाच्या डब्यातून नमुना घरी आणलात, स्प्रिंगच्या शिकंज्यात आवळलात आणि माझ्या मटारांशेजारी फ्रीजरमध्ये ठेवलात. बिबवेवाडीत असा संसार आणखी कुणी केला असेल का हो?

आणि ती दबली! तुम्ही शिकंजा बाहेर काढलात, माझ्याकडे पाहिलंत. "गुरुवारी फ्रीज बंद केला होतास?"

नव्हता केला! गुरुवारी लाइट जातातच, म्हणून मी त्याच दिवशी फ्रीज पुसायला काढायची, हे खरं. पण तुम्ही बजावल्यावर हातसुद्धा लावला नव्हता. आणि त्या गुरुवारी लाइटही गेले नव्हते. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. ते "बरं" मला चांगलं कळलं. नमुना वितळला असं धरून तुम्ही मशिनचाच निकाल पाठवलात.

पुढे लडाखला त्याच मातीवर बांधलेल्या जवानांच्या बराकीची भिंत कलली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण तुमचं जेवण तुटलं. आतल्या शेगडीनं जमीन वितळली असेल, म्हणालात. आणि फ्रीजच्या बटणावर चिकटपट्टी लावलीत. माझ्यावर पाळत! किती रडले होते मी, माहीत आहे?

तुम्ही गेल्यावर कपाटात उरलेली माती सापडली, शिकंजाही. भिजवून गोठवली, आवळली, फ्रीजरमध्ये ठेवली. शेजारी वाटीत बर्फ, बर्फावर रुपयाचं नाणं. मध्ये फ्रीज बंद पडला असता तर नाणं बुडालं असतं.

आज उघडलं. नाणं वरच! माती टणक गोठलेली, तरी चांगली बोटभर दबलेली. मीनल कॉलेजात शिकवते ना हे, ती म्हणाली, "सतत दाब राहिला की कणांमधला बर्फ हळूहळू सरकतो. माती गोठलेलीच राहते आणि तरी बसते. बाबांची शंका बरोबर होती."

ऐकलंत? मातीवरची शंका बरोबर होती. माझ्यावरची नव्हती. एकदा माझं खरं मानलं असतंत, तर ती भिंतही सरळ राहिली असती हो.

पट्टी आज मीच काढली. शब्द देते, भेटू तेव्हा भांडणार नाही. "तू बंद केला नव्हतास," एवढंच म्हणा. म्हणाल ना? की तिथेही आधी बटणाकडेच बघाल?

तुमचीच,
शालिनी