सज्ज्याखालचे टेकू

ता. ४ मार्च

चि. भाचीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी चित्रं पोचली आणि मिस्त्रीने ती जिन्याच्या भिंतीवर चिकटवलीसुद्धा. इमारत उभी कापून आतल्या सळया, नळ अशा दाखवल्यास की मामी म्हणाली, एवढी वर्षं यांचं काम नुसतं ऐकत होते, आज दिसलं.

परवा सज्ज्याच्या स्लॅबखालचे टेकू काढायचे. त्याची एकाच कागदावर एकाखाली एक काढलेली तीन चित्रं फक्कड: प्रत्येकात एक माणूस, एक टेकू, एक घाव. अक्षर नाही, आकडा नाही. आमची माणसं चार मुलखांतली, पण चित्र सगळ्यांना कळतं. आज जिन्याआडून ऐकलं, मिस्त्री बजावत होता, मालकांना विचारत बसू नका, वरच्या चित्रापासून धरा आणि खाली या. माझा घसा वाचला बघ!

लोभ आहेच, वाढवायला इकडे ये.
तुझा मामा

ता. ५ मार्च

ती. मामांस, सा. न. वि. वि.

फोन लागत नाही, म्हणून सिमेंटच्या ट्रकवाल्याच्या हाती हे देते आहे. वरच्या चित्रापासून नाही, मामा! इमारत खालून वर चढते, म्हणून मी चित्रंही खालून वर काढली. तळच्या चित्रात टोकाचा टेकू निघतो, वरच्यात भिंतीलगतचा. उलट केलं तर सज्जा पोटातून फाटतो, हे तुम्हीच शिकवलंत.

हीच चित्रं पुस्तकात जायची आहेत. प्रकाशक आकडे घाला म्हणाले तर मी भांडले, चित्र विद्रूप होतं म्हणून. आता छपाई थांबवते आहे. तुम्ही तो कागद फाडा, खाली कुणाला उभं करू नका. मला बसवत नाही, उभं राहवत नाही. एक ओळ तरी धाडा.

रागवा, पण लोभ असू द्या.
तुमची भाची

ता. ७ मार्च

चि. भाचीस, आशीर्वाद.

आधी हे वाच: माणसं धडधाकट आहेत.

ट्रक काल दुपारी आला, काम सकाळीच सुरू झालेलं. मी टाकीशी उभा होतो. पहिला घाव ऐकू आला तो भिंतीकडून. बोंबलत धावलो, तोवर एक टेकू निघाला होता. तो परत ठोकून बसवला. पण सज्ज्याच्या पोटाला केसाएवढी चीर दिसते. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली आहे. काच तडकली, म्हणजे चीर वाढते आहे, मग सज्जा पाडायचा. शाबूत राहिली तर सोमवारी टेकू काढू. तासातासाला जाऊन बघतो; मामी म्हणते, तिथेच खाट टाका.

मिस्त्रीला झापायला गेलो तर म्हणाला, चित्र इतकं स्वच्छ, विचारायचं काय त्यात?

कागद फाडलेला नाही. तू ये, आकडे तुझ्या हाताने घाल. पुस्तकाचं मग बघू.

लोभात तसूभर फरक नाही.
तुझा मामा

ता. क. पाकीट चिकटवताना मिस्त्री आला. काच शाबूत आहे. चित्र भिंतीवर असूनही विचारायला आला होता, की सोमवारी सुरुवात कुठून करायची.