पोच्यावरचा रंग

४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. मी कॉम्प्रेसर लावला की "हंबरली तुझी म्हैस" म्हणते. सध्या छोट्या विमानांचं काम आलंय. बोटभर पंखावर एअरब्रशने पट्टे मारायचे, तेही श्वास रोखून.

गाडी फार वापरतेस का गं? पिलूला शाळेत सोडायला तीच नेतेस? जरा कमी वापर.

किती घोळ घालू, सांगतेच. तुझी गाडी ओळखू येऊ नये म्हणून रंगवली, त्याआधी मी तळहाताएवढ्या मॉडेलवर रंग मारून पाहिला होता. खाली गर्द हिरवा, वर सायीचा, मधे विरत जाणारी लाट. खऱ्या गाडीवर चुकून चालत नाही, म्हणून माझी ही पद्धतच आहे. मागच्या दाराखालच्या पोच्यावर लाट मोडेल अशी शंका होती, म्हणून मॉडेललाही तस्साच पोचा पाडला. लाट इतकी सुरेख बसली की मी मेली हरखले आणि ते दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलं.

काल दाजी आले. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण घाबर. ते शांत होते. शांत असले की कसे असतात, ते तुला काय सांगायचं! मॉडेल उचलून त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"नवीन डिझाइन? कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. माझ्याच डोक्यातलं."

त्यांनी पोच्यावरून हळूच अंगठा फिरवला. "आणि ही माझी लाथ? तीपण तुझ्याच डोक्यातली?"

मॉडेल खिशात घातलं, आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि गेले. इतके दिवस ते पांढरी गाडी शोधत होते. आता कुठली शोधायची, ते मीच त्यांच्या हातात दिलं. आग लागो माझ्या कलेला.

गाडी आहे तिथेच सोड. पिलूला घे आणि बसने नीघ. कुठे, ते मलाही कळवू नकोस.

तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही, पत्ता फक्त मावशीला ठाऊक, म्हणून हे तिच्याच हाती देतेय. दुसरा मार्ग नाही. ती मागच्या दाराशी चपला घालतेय. सकाळपासून दाजींची गाडी समोर उभी होती. आत्ता पाहिलं, तर तिथे नाही.

मावशीला पाणीसुद्धा विचारत बसू नकोस. रागाव माझ्यावर, पण सुखरूप पोचल्यावर.

तुझी,
धाकटी