नानांच्या डोळ्यातलं फूल

६ जानेवारी
टाके तपासले. नवा कॉर्निया छान बसलाय म्हणे. कुणाचा, ते सांगत नाहीत. घरी येऊन उजव्या डोळ्याने अख्खं कॅलेंडर वाचलं, चतुर्थीसकट. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने वाचलं. हे असते तर म्हणाले असते, "आता वाण्याची यादीही वाचून दाखव."
केदारला फोन. "ग्रेट, आई. मीटिंगमध्ये आहे." मी बिबवेवाडीत, मुलगा बालेवाडीत. एकाच गावात राहतो म्हणायचं.

१० जाने.
डोळ्यातून काढलेला तुकडा तपासून आला. डॉ.बाई त्याला 'बटण' म्हणतात. स्क्रीनवर दाखवलं. आधी लाल रंग देतात, मग एका खास प्रकाशात आतल्या रेघा हिरव्या दिसतात. इतकी वर्षं हे डोळ्यात होतं आणि मी चष्मेवाल्याशी भांडत होते.
नाव लांबलचक. अर्थ एवढाच की हे बाहेरून झालेलं नाही, आईकडून किंवा वडिलांकडून आलंय. माझ्याकडून पुढे मुलाला जाण्याची शक्यता निम्मी.
"घरात आणखी कुणाला होतं?"
"नाही. वडिलांच्या, नानांच्या, डोळ्यांत फूल पडलं होतं, पांढरा डाग, पण ते देवीचं."
"कुठल्या देवीचं?"
तरुण आहेत बिचाऱ्या. देवी म्हणजे जुन्या काळची साथ, अंगभर फोड यायचे, कुणाकुणाचे डोळे जायचे, हे सगळं मला सांगावं लागलं. मग जनुकं तपासायला रक्त दिलं.
निम्मी. बसमध्ये तेच डोक्यात. स्वारगेटला उतरायचं राहिलं.

१४ जाने. संक्रांत
केदार, सूनबाई, इरा आले. तासभर. इराला मांडीवर घेऊन तिचे डोळे बघत बसले. म्हणाली, "आजी, असं नको ना बघू." तिळगुळाच्या दिवशी कुठे हा विषय काढायचा? नाही काढला. गेल्यावर घर फार मोठं वाटलं. दोन खोल्यांचं घर!

११ फेब्रु.
जनुकांचा रिपोर्ट आला. एका जागी एक अक्षर बदललंय. पण हा बदल पूर्वी फारसा कुठे दिसलेला नाही, त्यामुळे 'अर्थ अनिश्चित'. एवढी सुई टोचून हे उत्तर. नात्यातल्या आणखी कुणाचं रक्त मिळालं तर निश्चित सांगता येईल.
"मुलगा आहे ना तुम्हाला?"
आहे.
संध्याकाळी केदारला सगळं सांगितलं.
"आई, मला कळून काय होणार? यावर औषध आहे?"
"नाही."
"मग?"
मग काय! रक्त त्याचं, मर्जी त्याची. बरोबरच बोलला, म्हणून जास्त राग आला. फोन ठेवून रडले. नव्या डोळ्यातूनही पाणी येतं.

१६ फेब्रु.
कर्वेनगरला आत्याकडे. ८२ वर्षांची, डोळे खणखणीत, जीभ त्याहून. सहज म्हटलं, नानांना देवी आल्या तेव्हा ती केवढी होती?
"नानाला कुठे आल्या देवी? मला आल्या. त्याला टोचलं होतं. मला टोचायला बोलावलं तेव्हा मी कोठीत लपून बसले. त्याचं हे बक्षीस," म्हणून स्वतःच्या गालावरचे वण दाखवले.
"मग फूल?"
"ते पुढे पडलं, मोठेपणी. पाठोपाठ दोन्ही डोळ्यांत. लोक विचारायचे. आमची आई सांगायची, देवी आल्या होत्या. तसं म्हटलं की गप्प बसायचे लोक. घरात आम्ही बहिणी लग्नाच्या होतो, शालू. घराण्यात आंधळेपण आहे म्हटल्यावर कोण दारात उभं राहणार?"
नानांच्या चेहऱ्यावर एकही वण नव्हता. गुळगुळीत चेहरा. मी रोज बघायचे, आई बघायची. देवी आल्या आणि एक वण नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही फक्त ऐकलेलं खरं मानलं.
नाना शेवटी शेवटी खिडकीकडे तोंड करून बसायचे. कुणी विचारलं तर हसून म्हणायचे, "देवीची कृपा." त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. फार एकटे होते ते. हे आज कळतंय, आणि आज कळून त्यांना काय उपयोग...

१८ फेब्रु.
डॉ.बाईंना सांगितलं. त्यांनी 'घरात कुणालाही नाही' खोडून वडिलांचं लिहिलं. चित्र बरंच स्पष्ट झालं म्हणाल्या, पण नाना नाहीत, आणि रक्त जिवंत माणसाचंच लागतं. आत्या द्यायला तयार आहे, पण तिला आजार नाही, एकटीच्या रक्ताने पुरतं ठरणार नाही. मुलाने रक्त नको म्हटलं तरी निदान डोळे दाखवावेत, नुसते यंत्रातून बघतात, दुखत नाही.
केदारला लांब मेसेज लिहिला. पुसला. "जेवलास का?" एवढाच पाठवला. अंगठा आला.

२ मार्च, रविवार
केदारचा फोन. आपणहून! आधी इराची शाळा, मग ट्रॅफिक. आणि मग एकदम,
"आई, तुला सुरुवातीला सकाळी व्हायचं का गं? म्हणजे उठल्यावर पापणी उघडताना आतून काहीतरी सोलल्यासारखं, आणि मग बराच वेळ नुसतं पाणी?"
"तुला कुणी सांगितलं?"
"कुणी नाही. नेटवर वाचलं."
नेटवर असेलही. मी मात्र त्याला सकाळचं कधी सांगितलेलं नाही. तो पोटात होता तेव्हा मला सुरू झालं होतं ते.
"कधीपासून होतंय, केदार?"
"अगं, असंच विचारलं."
मागे इरा काहीतरी गात होती. फोन ठेवावासा वाटेना मला, त्यालाही नसावा वाटत.
"तुझ्या डॉक्टर शनिवारी असतात?"
"असतात."
"बघतो," म्हणाला.
मला पक्कं उत्तर हवं होतं. असं नको होतं. उद्या दवाखान्यात फोन करून शनिवारची वेळ मागून ठेवते. नाव विचारलं तर माझंच सांगेन.