दाबायचं कुलूप

४ मार्च, सोमवार

नाहीच मिळालं! तीन बाजार पालथे घातले, आणि प्रत्येक दुकानदार तेच नवं, पातळ पत्र्याचं कुलूप पुढे करतो. म्हणे, काका, भोक जरा मोठं करा, बसेल. भोक मोठं करा! डॉक्टरीणबाईंच्या आजोबांचं पुस्तकांचं कपाट आहे ते. साठ वर्षं त्या सरकत्या काचांना एकच पितळी कुलूप होतं — अंगठ्याने आत दाबलं की दोन्ही दारं बंद, उघडायला मात्र किल्ली. ते हरवलं म्हणून मी जुनं लाकूड कोरत बसू?

ठमीचं म्हणणं, नवं बसवून मोकळे होऊ, वीस तारखेला कपाट द्यायचंय. माझी पोरगी, माझ्याच हाताखाली पटाशी धरायला शिकली, आणि म्हणते मोकळे होऊ.

७ मार्च, गुरुवार

मिळालं! भंगारवाल्याकडे, गंजक्या बिजागऱ्यांच्या डब्यात. सोबत एकच किल्ली. किल्लीवाल्याने दुसरी करून द्यायला साफ नकार दिला, म्हणाला असल्या कोऱ्या किल्ल्या आता येतच नाहीत. असो. तेल घातलं, दाबून पाहिलं — टक्! इतका खूश झालो की हिला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं. हिने पाहिलं आणि भाजी करपेल म्हणून परत गेली.

हिला सांगून टाकलं — एक एप्रिलपासून आपला सुतारकामाचा कारखाना ठमीच्या नावावर. माझे गुडघे आता पुरे म्हणतात. तिला मात्र कपाट पोचतं झाल्यावरच सांगायचं.

९ मार्च, शनिवार

डोक्याला नुसता ताप. सकाळी कुलूप बसवलं, दुपारी जेवून आलो तर ते दाबलेलं, आणि किल्ली? आत, मधल्या फळीवर! काचेतून दिसते आणि हाताला येत नाही. आतलं पॉलिश ठमीच करत होती. शेवटी कपाटाची पाठ खिळे उपसून काढावी लागली, कड फाटली ती फाटलीच.

तिला म्हटलं, दाबण्याआधी किल्ली खिशात, हे मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं, बाबा."

११ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. दोनदा. वीस म्हणजे वीसच.

१२ मार्च, मंगळवार

पुन्हा किल्ली आत!! पालथ्या घड्यावर पाणी.

१३ मार्च, बुधवार

कालचा राग उतरला नाही, तोवर आज हे — कपाटाच्या पाठीला खिळ्यांऐवजी स्क्रू! मला न विचारता. कशाला, म्हटलं. तर म्हणे, लागलं तर पटकन काढता येईल. म्हणजे चूक सुधारायची नाही, चुकीची सोय करून ठेवायची! आमच्या वडिलांनी पाहिलं असतं तर हातोडा फेकून मारला असता.

जेवताना हिने मध्येच विचारलं, हल्ली झोप नीट लागते ना तुम्हाला, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का. झोपेचा इथे काय संबंध? पोरीवर पांघरूण घालायचं म्हणजे विषय कुठल्या कुठे न्यायचा. यात ही पटाईत.

१५ मार्च, शुक्रवार

तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा!

आज राहवलं नाही. शेजारचा रंगारी उभा होता, त्याच्यासमोरच बोललो. जिला एक किल्ली सांभाळता येत नाही तिच्या हाती मी कारखाना द्यायला निघालो होतो, असं तोंडातून निघून गेलं. ठमीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मला माहीत नव्हतं, बाबा," एवढंच. मग नेहमीसारखं, चुकलं म्हणाली. त्यानेच जास्त डोकं फिरतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सांगते — एक फर्निचर कंपनी महिनाभर मागे लागली आहे, दुसऱ्या गावी, राहायची सोयही देतात. आजवर नाही म्हणत होते, सोमवारी जाऊन बघते. म्हटलं, जा. खुशाल जा, तिथे तरी दाबायची कुलुपं नसतील.

१७ मार्च, रविवार

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. बोललो त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण पोरगी गेली तर कारखान्याला टाळंच लागणार, हे काय मला कळत नाही? तिच्यासारखा रंधा या रस्त्यावर कुणी मारत नाही. सकाळपासून दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो. ती बॅग भरत होती. परत आलो.

१८ मार्च, सोमवार

ठमी पहिल्या गाडीने गेली. तिला पोचवून ही परस्पर बहिणीकडे. दिवसभर कारखान्यात मी एकटाच, दाराला आतून कडी लावून काचा पुसत होतो.

चार वाजता पाहिलं. कुलूप दाबलेलं. किल्ली मधल्या फळीवर.

कडी तशीच होती. मी कधी दाबलं ते मला आठवत नाही. तीन वेळा त्या पोरीला बोललो, तिन्ही वेळा तिने चूक आपल्या अंगावर घेतली.